कोरी ओळ

माझ्या प्रकाशनाच्या पहिल्या कादंबरीचे फर्मे मशीनवर चढायच्या आदल्या संध्याकाळी छापखान्याच्या मालकांचा, काकांचा, फोन आला. मशीनच्या आवाजावर मात करायची सवय असल्यामुळे ते फोनवरही मोठ्याने बोलतात. त्या दिवशी आवाज खाली होता.

"ताई, एक विचारायचं होतं. चौथ्या पानावर आमच्या प्रेसचं नाव आहे, ते काढता येईल का?"

मला वाटलं, पत्त्यात काही चूक राहिली असेल. प्रूफं मीच वाचली होती, म्हणून पोटात गोळाच आला.

"चूक नाही हो. नावच नको. छपाईत काही कमी करणार नाही, कागदही तुम्ही सांगितला तोच लावलाय. फक्त नाव नको. आता ते कायद्यानंही लागत नाही म्हणतात."

ते खरं होतं. छापखाने आणि पुस्तक नोंदणीचा कायदा 1867 सालचा. उठावाला दहा वर्षं झाली होती आणि कोण काय छापतंय हे इंग्रजांना माहीत असायला हवं होतं. म्हणून प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचं नाव आणि छापल्याचं ठिकाण, प्रकाशकाचं नाव आणि प्रसिद्ध केल्याचं ठिकाण छापायची सक्ती झाली. स्वातंत्र्यानंतरही ती तशीच चालू राहिली. 2023 साली नवा कायदा आला, 1 मार्च 2024 पासून लागू झाला, आणि त्यात फक्त नियतकालिकं राहिली, पुस्तकं वगळली गेली. पाळत ठेवण्यासाठी केलेला कायदा गेला याचा मला आनंद झाला होता. पण मराठी पुस्तकात 'मुद्रक' या शब्दापुढे जे नाव येतं, त्याच्याकडे मी लहानपणापासून सहीसारखी पाहत आले आहे. हे काम मी केलं, असं सांगणारी सही. काकांनी ती मागे घेतली होती.

मी विचारलं, "तुम्ही पुस्तक वाचलंत का?"

थोडा वेळ पलीकडून फक्त मशीन ऐकू येत होतं. "प्लेट बघता बघता सातवं प्रकरण वाचलं. मग घरी नेऊन सगळं वाचलं. खरं आहे सगळं. म्हणूनच म्हणतोय."

मी त्यांना दोष दिला नाही. काकांचा छापखाना म्हणजे एक ऑफसेट मशीन, एक कटिंग मशीन, तीन माणसं आणि रस्त्याला लागून असलेलं शटर. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं, चार-दोन दिवाळी अंक यांवर ते चालतं. मशीनवर कर्ज आहे. एखाद्या दुपारी दहा-बारा जण आले तर पोलीस येईपर्यंत काय उरेल, याचा हिशोब त्यांनी केला होता आणि तो बरोबर होता. त्या भीतीची तयारी मी केली नव्हती. लेखिकेशी बोलले होते, वकिलांशी बोलले होते, माझ्या घरच्यांशी बोलले होते. मुद्रकाशी बोलायचं मला सुचलंच नव्हतं, आणि माझे बाबा कंपोझिटर होते.

बाबा शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. आणीबाणी आली तेव्हा मी पाच वर्षांची होते, त्यामुळे मला आठवतं ते त्यांच्या तोंडून नंतर ऐकलेलं. त्यांच्याकडे एक साप्ताहिक छापायला असे. मजकूर आधी सेन्सॉरला दाखवून आणायचा, तिकडून खुणा होऊन यायच्या, मग बाबांनी जुळवलेल्या ओळी चौकटीतून उपसून काढायच्या. ओळी काढण्याचं त्यांना फार वाटत नसे, दुरुस्त्या रोजच्याच होत्या. त्यांना लागलं ते पुढचं. काढलेल्या जागी मोकळं सोडायचं नाही, असा निरोप आला होता. आणीबाणी लागल्यावर अगदी सुरुवातीला काही वृत्तपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती, आणि त्या कोऱ्या जागेनं वाचकांना सगळं सांगितलं होतं. म्हणून कोरी जागाही बंद झाली. बाबा म्हणायचे, "ओळी काढल्या त्याचं एक वेळ चाललं असतं. पण भोक बुजवायलाही मलाच लावलं. तिथे केशतेलाची जाहिरात बसवली मी. वाचणाऱ्याला कळलंसुद्धा नाही की इथे काही होतं."

1975च्या डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत यशवंतराव चव्हाणांसमोर आणीबाणीविरुद्ध बोलल्या, ते बाबा आम्हा भावंडांना सणासारखं सांगायचे. दुर्गाबाईंना पुढच्या वर्षी अटक झाली. ती गोष्ट सांगून झाली की बाबा गप्प होत. केशतेलाची जाहिरात आठवत असेल असं मला आता वाटतं.

मी स्वतः तेवीस वर्षं मुद्रितशोधन आणि संपादनाचं काम केलं. आधी नोकरी, मग घरून. पुण्यातल्या वेगवेगळ्या प्रकाशकांसाठी, बहुतेक कथा-कादंबऱ्या. कोणत्याही कोर्टानं, पोलिसानं किंवा सरकारी अधिकाऱ्यानं मला कधीही काही काढायला सांगितलं नाही. तरीही मी किती काढलं, ते सांगते.

पहिल्या काढल्या त्या शिव्या. मराठीत त्याला फुल्या मारणं म्हणतात. पहिलं अक्षर ठेवायचं आणि पुढे तीन फुल्या. गिरणीच्या चाळीतला माणूस, मार्केट यार्डातला हमाल, बाळंतकळा सोसणारी बाई, सगळे माझ्या हातून फुल्या-फुल्या बोलू लागले. मग जातींची नावं. लेखकानं गावातल्या दोन जातींची नावं घेऊन भांडण लिहिलेलं असायचं, समासात 'नाव टाळावे' अशी सूचना यायची, आणि मी 'एका विशिष्ट समाजातले लोक' असं करायचे. ज्या कथेचा प्राणच कोण कुणाच्या विहिरीवर चढतो यात आहे, तिच्यात विहिरीला विशिष्ट समाज पाणी भरू लागला. मग गावांची नावं, साखर कारखान्यांचे तालुके, देवांची नावं, नवसांचे तपशील. विधवेच्या मनात दिराबद्दल येणारा एक विचार मी काढला होता, तो अजून आठवतो. साडेतीन ओळी होत्या. लेखिका सत्तरीच्या होत्या. प्रूफ परत देताना त्या म्हणाल्या, "ते गेलं ना? जाऊ दे. मीही लिहिताना तीनदा खोडलं होतं." मी मान हलवली. आज त्या नाहीत, आणि त्या साडेतीन ओळी कुठेच नाहीत.

शुद्धलेखनाच्या नावाखाली तर आणखी गेलं. 'न्हाई'चं 'नाही', 'आय'चं 'आई', 'म्या'चं 'मी'. निवेदन प्रमाण आणि संवाद बोलीत, एवढी सवलत असायची. पण एखाद्यानं निवेदनच बोलीत लिहिलं तर 'वाचकाला जड जाईल' म्हणून ते सरळ केलं जायचं. मी केलं. फार सफाईनं केलं, सांधा दिसू नये इतक्या सफाईनं. त्याबद्दल माझं कौतुकही झालं.

हे सगळं सेन्सॉरशिप म्हणून कुणी मोजत नाही. मराठी पुस्तकांवरच्या बंदीचा इतिहास लिहायला घेतला तर हाती खटले लागतात, कारण खटल्यांचे कागद असतात. माझ्या लाल पेनाचे कागद रद्दीत गेले. बंदी आलेलं पुस्तक निदान होतं हे तरी कळतं.

मग ती कादंबरी आली. लेखिका मराठवाड्यातली, पहिलंच पुस्तक. ऊसतोडीला जाणाऱ्या एका बाईची गोष्ट. आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली जाते ती कोयत्याच्या नावावर, दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, पुढचे पाच-सहा महिने उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, काढायचे. पाळी आली तरी मोळी उचलायचीच, खाडा झाला की पैसे कापले जातात. 2019मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गेल्या. त्या वेळी आपण सगळे हळहळलो. कादंबरी त्या शस्त्रक्रियेपर्यंत दीडशे पानांनी पोचते. आधी ती बाई हसते, नवऱ्यावर रुसते, फडातल्या एका तरुणावर जीव टाकते, देवीला नवस बोलते आणि नवस फेडायचं नाकारते. सातव्या प्रकरणात मुकादम रात्री कोपीत येतो. ते प्रकरण वाचल्यावर मी उठून पाणी प्यायले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

ज्यांच्यासाठी मी तेव्हा काम करत होते त्यांना कादंबरी आवडली. मनापासून आवडली होती, हे मला सांगितलंच पाहिजे. पण छापायला तीन अटी होत्या. मुकादमाचं आडनाव बदलायचं, कारण त्यावरून जात कळते. देवीचं नाव काढून 'ग्रामदेवता' करायचं. आणि सातवं प्रकरण 'सूचक' करायचं, म्हणजे दिवा विझला, पहाट झाली. हे लेखिकेला समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. अशी कामं माझ्याकडेच येत. मी गोड बोलते अशी माझी ख्याती होती.

फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "मॅडम, सातव्या प्रकरणात दिवा विझतच नाही. तो दिवा विझवत नाही, हीच तर गोष्ट आहे."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कादंबरी परत गेली. आणखी दोन ठिकाणांहून परत आली. वर्षभरानं मी तिला पुन्हा फोन करून विचारलं, मी छापली तर चालेल का? तिनं विचारलं, "तुमचं प्रकाशन आहे?" मी म्हटलं, "नाही. पण काढते."

काढणं फार सोपं निघालं, हे नव्यानं या वाटेला येणाऱ्यांना मला आवर्जून सांगावंसं वाटतं. पुस्तक छापायला कुणाची परवानगी लागत नाही. आपल्याकडे नाटकाला लागते. प्रयोगाआधी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, आणि 1972मध्ये तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'च्या वेळी दिग्दर्शक कमलाकर सारंगांना त्यासाठी थेट मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. कादंबरीला असं दार नाही. पॅनकार्ड, बँकेतलं चालू खातं, आणि राजा राममोहन रॉय संस्थेकडून मिळणारा आयएसबीएन, तोही विनामूल्य. दार उघडंच असतं. आपण त्यातून आत जायच्या आधी स्वतःचीच झडती घेतो.

कराराच्या मसुद्यावर मात चार महिने गेले. मराठीतले बहुतेक करार एका वाक्यावर उभे असतात: मजकुराची सर्व जबाबदारी लेखकाची. पुस्तकाच्या सुरुवातीलाही छापतात, 'लेखकाच्या मतांशी प्रकाशक सहमत असतीलच असे नाही.' मी स्वतः ते वाक्य शेकडो पुस्तकांत तपासलं आहे, त्यातला 'असतीलच' नीट पडलाय ना ते पाहिलं आहे. आता ते वाक्य वाचलं की मला एक माणूस दिसतो, दुसऱ्याला पुढे ढकलून आपण दाराआड उभा असलेला.

वकीलबाईंनी मला जुने निकाल वाचायला दिले. 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक मला माहीत होतं. र. धों. कर्व्यांनी 1927च्या जुलैत सुरू केलं आणि 1953 साली मरेपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, 1934च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, आणि तरी हरले, 200 रुपये दंड झाला. कर्व्यांनी दंड भरला आणि पुढचा अंक काढला. लेखक तेच, संपादक तेच, पदरचे पैसे घालणारेही तेच. त्यांना कुणाच्या मागे लपायची सोय नव्हती आणि इच्छाही नव्हती.

चंद्रकांत काकोडकरांचा निकाल मी पहिल्यांदाच वाचला. त्यांची 'श्यामा' 1962 साली 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली. अश्लीलतेचा खटला झाला, 25 रुपये दंड झाला. 25 रुपये भरून मोकळं होता आलं असतं. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1969मध्ये निर्दोष सुटले. त्या निकालात न्यायमूर्तींनी म्हटलंय, त्याचा आशय असा की नुसता कामभावनेचा उल्लेख आला म्हणून कादंबरी तरुणांनी वाचण्याजोगी नाही असं ठरवलं, तर त्यांना कुठलीच कादंबरी वाचता येणार नाही, निव्वळ धार्मिक पुस्तकंच वाचावी लागतील. ज्यांचं नाव आमच्या संपादकीय खोल्यांत कुणी गंभीरपणे घेत नसे, अशा लोकप्रिय लेखकानं हे आपल्यासाठी मिळवून ठेवलं आहे. साहित्यिक दर्जाचा आणि स्वातंत्र्याचा संबंध लावू नये हे मी तिथे शिकले.

ज्या निकालानं माझी झोप उडवली तो वसंत दत्तात्रय गुर्जरांच्या 'गांधी मला भेटला' या कवितेचा. 1994 साली ती बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेच्या अंकात छापली गेली. अश्लीलतेचा खटला झाला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला 2015च्या मे महिन्यात. एकवीस वर्षांनी. ज्यांनी छापली होती त्यांनी पुढच्या अंकात माफी प्रसिद्ध केली होती, म्हणून त्यांच्यावरचा आरोप रद्द झाला. कवीला मात्र खटल्याला सामोरं जायला सांगितलं गेलं. छापणाऱ्यांबद्दल मी वाईट बोलणार नाही. एकवीस वर्षं कोर्टात खेटे घालणं काय असतं ते त्यांनाच ठाऊक. पण माझ्या मनात एक चित्र पक्कं झालं. एका कवितेसाठी दोघे कोर्टात गेले, आणि माफीच्या कागदानं एकाला बाहेर काढलं. दुसरा आतच.

म्हणून आमच्या करारात तीन गोष्टी आल्या. शुद्धलेखन सोडून एकही शब्द लेखकाच्या लेखी संमतीशिवाय बदलणार नाही, आणि बोली ही शुद्धलेखनाची चूक नव्हे. तक्रार आली तर प्रकाशक लेखकाबरोबर शेवटपर्यंत उभा राहील, लेखकाला वगळून माफी मागणार नाही. आणि तिसरी बाबांची. न्यायालयाच्या आदेशानं काही गाळावंच लागलं, तर पुढच्या आवृत्तीत तेवढी जागा कोरी राहील, ओळी वर ओढल्या जाणार नाहीत. वकीलबाई म्हणाल्या, तिसऱ्या कलमाला कायद्यात काही अर्थ नाही. मी म्हटलं, राहू द्या.

हे सगळं मोठ्या तोंडानं सांगताना एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण मला ती सारखी विचारली जाते. संपादनाला माझा विरोध नाही. संपादन करायला मला मनापासून आवडतं. या कादंबरीतून आम्ही दोघींनी मिळून जवळजवळ चाळीस पानं काढली. एक अख्खं पात्र गेलं. ती पानं कच्ची होती म्हणून गेली, आणि प्रत्येक पानावर आम्ही भांडलो. संपादक विचारतो, हे गोष्टीला हवंय का? सेन्सॉर विचारतो, हे कुणी पाहिलं तर? पेन तेच असतं, खूणही तीच असते. मला तेवीस वर्षं कळलं नाही की मी कुठला प्रश्न विचारतेय, कारण दुसरा प्रश्न पहिल्याचे कपडे घालून यायचा. 'संयत करूया', 'सूचक ठेवूया', 'कलात्मक होईल'. मराठीत या तीन शब्दांनी जेवढी पानं खाल्ली तेवढी वाळवीनं खाल्ली नसतील.

आणि नकारही मी देते. पहिल्याच वर्षी एक हस्तलिखित आलं, त्यात एका धर्माची सगळी माणसं शेवटपर्यंत किड्यांसारखी रंगवली होती. मी परत केलं. लेखकानं लिहिलं, तुम्ही सेन्सॉरशिपच्या विरोधात ना? मी उत्तर दिलं, तुमच्या पुस्तकावर उद्या बंदी आली तर बंदीविरुद्ध सही करीन, पण माझ्या घरच्या पैशानं ते छापणार नाही. त्या उत्तरावर मी आजही ठाम आहे, पण ते लिहिताना हात हलका नव्हता. तुमचे पैसे, तुमची मर्जी, हेच वाक्य सगळे घाबरलेले प्रकाशकही म्हणू शकतात. फरक असलाच तर इतकाच की मी त्याला नकाराचं खरं कारण सांगितलं. 'सध्या आमची यादी भरली आहे' असं लिहिलं नाही.

पैशांचं थोडक्यात. डेमी आकार, 240 पानं, म्हणजे सोळा पानांचे पंधरा फर्मे. 70 जीएसएमचा कागद, शिलाई बांधणी, 500 प्रती. सगळं मिळून 70 हजारांच्या आसपास. पुस्तकाची किंमत 350 ठेवली. वितरकाचं कमिशन, टपाल, प्रदर्शनातल्या टेबलाचं भाडं वजा केलं तर पाचशेच्या पाचशे विकल्यावर लेखिकेचं मानधन देऊन पुढच्या पुस्तकाचा कागद निघतो. प्रकाशनपूर्व सवलतीत 180 प्रतींची नोंदणी झाली, त्यातल्या बऱ्याच शिक्षिका आणि आशाताई होत्या, एकेकीनं मैत्रिणींच्या पाच-पाच प्रती मिळून मागवल्या होत्या. एका वितरकानं पुस्तक ठेवायला नकार दिला. खुलेपणानं सांगितलं, दुकानाला काच आहे. त्या खुलेपणाचं मला बरं वाटलं, पूर्वी असल्या नकारांना कधी कारण मिळत नसे.

लेखिकेला मी विचारलं होतं, टोपणनाव घेतेस का? 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा ह. वि. मोट्यांनी ते विभावरी शिरूरकर या नावानं छापलं. केवढी खळबळ माजली, आणि ही बाई कोण याचा शोध चालला. बाळूताई खरे या मूळ नावाभोवती प्रकाशकानं भिंत उभी केली होती. नाव लपवणं हीसुद्धा साथ असू शकते, हे मला तिला सांगायचं होतं. ती दोन दिवस विचार करून म्हणाली, "माझ्या आईचं नाव कुठल्या कागदावर नव्हतं. उचलीच्या वहीत बापाचा अंगठा होता, त्यात दोघंही आली. मला माझं नाव पाहिजे."

त्या वाक्यानंतर चौथ्या पानाकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागले. लेखिकेचं नाव, माझं नाव, अक्षरजुळणी करणाऱ्या मुलीचं नाव, मुखपृष्ठ, बांधणी करणाऱ्यांचं नाव. आणि आता काकांचा फोन.

त्या रात्री मी काकांचं नाव काढलं. ओळ मात्र काढली नाही. अक्षरजुळणीवाली मुलगी म्हणाली, "ताई, खालची ओळ वर घेऊ? बरं दिसेल." मी म्हटलं, नको. 'मुद्रक' हा शब्द, त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबं, आणि पुढे मोकळी जागा. काकांना सकाळी ते दाखवलं. ते बराच वेळ पाहत राहिले. मी बाबांचं आणि जाहिरातीचं सांगितलं. "तुमचे वडील कुठल्या प्रेसला होते म्हणालात?" एवढंच विचारलं आणि प्लेट मशीनवर चढवली.

पुस्तक येऊन आता पाच महिने झाले. दोन धमकीवजा फोन आले, एक नोटीस आली, तिला वकीलबाईंनी उत्तर दिलं आहे. अश्लील मजकुरासाठी पूर्वी कलम 292 होतं, नव्या न्याय संहितेत ते 294 झालंय, एवढं त्या नोटिशीतून मला पाठ झालं. साडेतीनशे प्रती गेल्या. एका ऊसतोड टोळीच्या तळावर एका मुलीनं सातवं प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवलं, असं लेखिकेनं कळवलं. ऐकणाऱ्या बाया मध्येच उठून गेल्या आणि थोड्या वेळानं परत येऊन बसल्या, म्हणाल्या, पुढचं वाच.

पुस्तक निघाल्यावर तीस दिवसांच्या आत चार ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते, 1954चा तो कायदा अजून आहे. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. चार पार्सलं बांधताना मी प्रत्येक प्रतीचं चौथं पान उघडून पाहिलं. उद्या कुणी ही प्रत काढून बसलं तर त्याला ती जागा दिसेल.

काकांना त्यांची प्रत द्यायला मी स्वतः गेले. शटर अर्धं खाली होतं, दुपारची वेळ. त्यांनी हात पुसले, शिलाई बघितली, पुस्तक पूर्ण उघडून कणा दाबून बघितला. मग चौथं पान काढलं. शर्टाच्या खिशातलं बॉलपेन घेऊन त्या मोकळ्या जागेत आपलं नाव लिहिलं, खाली प्रेसचा पत्ता लिहिला, पिनकोडसकट. शाई वाळेपर्यंत पान धरून बसले. मग उठून कागदपत्रांच्या कपाटात, कर्जाच्या फायलीशेजारी पुस्तक ठेवलं आणि कपाटाला कुलूप लावलं.